‘आभा’ क्रमांक काढला, पण माझे रिपोर्ट कुठे आहेत?

सरकारी रुग्णालयात केसपेपर काढायला गेलेल्या माणसाला आता खिडकीवर नावगावाबरोबर आणखी एक प्रश्न विचारला जातो: आभा कार्ड आहे का? नसेल तर मोबाइलवर ओटीपी मागवून ते तिथल्या तिथे काढून दिले जाते. माणूस तो चौदा अंकी आरोग्य ओळख क्रमांक जपून ठेवतो, आणि पुढच्या खेपेला दुसऱ्या दवाखान्यात गेल्यावर पूर्वीसारखीच प्लॅस्टिकची पिशवी उघडून जुन्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट आणि सोनोग्राफीचे कागद डॉक्टरांच्या टेबलावर पसरतो. देशात ७० कोटींहून अधिक आभा क्रमांक तयार झालेले आहेत. त्यामुळे हा गोंधळ एकट्यादुकट्याचा नाही.

मुंबईत आरोग्य तंत्रज्ञान उद्योगाची एक परिषद अलीकडे भरली होती. तिथल्या दालनांतून फिरताना आणि व्यासपीठावरची भाषणे ऐकताना माझ्या डोक्यात हाच प्रश्न होता. अशा परिषदांत रुग्णालयांना सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या, विमा कंपन्या, मोठ्या रुग्णालयांचे व्यवस्थापक, सरकारी अधिकारी आणि गुंतवणूकदार एकत्र येतात. रुग्ण मात्र बहुधा पडद्यावरच्या आकृतीतच भेटतो. साहजिकच तिथली भाषा विक्रीची असते आणि ती थोडी सोलून घ्यावी लागते. सोलल्यावर हाती राहिले ते असे, की एका रुग्णालयातली माहिती दुसऱ्या रुग्णालयात सुरक्षितपणे नेण्याची यंत्रणा भारतात बऱ्याच अंशी तयार झालेली आहे, पण तिच्यातून नेण्याजोगी माहिती अजून फारशी तयार होत नाही. असे का होते, हे समजण्यासाठी थोडे मुळापासून सुरुवात करायला हवी.

## आयुष्मान कार्ड वेगळे, आभा वेगळे

सर्वांत मोठा गैरसमज आधी दूर केलेला बरा. ‘आयुष्मान’ हा शब्द दोन निरनिराळ्या योजनांच्या नावात आहे. २०१८ साली सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देते; तिचे जे कार्ड मिळते त्याला लोक आयुष्मान कार्ड म्हणतात. आभा म्हणजे आयुष्मान भारत आरोग्य खाते. त्याचा पैशांशी काहीही संबंध नाही. ते कोणालाही काढता येते, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, आणि ते दाखवून एक रुपयाचाही उपचार मोफत होत नाही. आभा ही फक्त ओळख आहे. साताऱ्यातल्या लॅबमध्ये ज्यांचे रक्त तपासले ती व्यक्ती आणि पुण्यातल्या डॉक्टरांसमोर बसलेली व्यक्ती एकच आहे, हे संगणकाला खात्रीने कळावे, एवढ्यासाठीच हा क्रमांक आहे. आपल्याकडे नावांची स्पेलिंगे, जन्मतारखा आणि मोबाइल क्रमांक ज्या सहजतेने बदलतात ते पाहता, हे काम वाटते तितके क्षुल्लक नाही.

दोन्ही योजना एकाच संस्थेच्या, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाच्या, अखत्यारीत आहेत, त्यामुळे गोंधळ वाढला. नावे ठेवताना थोडी कल्पकता दाखवली असती तर खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांचे कितीतरी श्रम वाचले असते.

## माहिती दिल्लीत जमा होत नाही

आभा ज्या मोठ्या प्रकल्पाचा भाग आहे त्याचे नाव आयुष्मान भारत डिजिटल मिशन. १५ ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधानांनी त्याची घोषणा केली, आधी सहा केंद्रशासित प्रदेशांत तो चाचणीदाखल राबवला गेला आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून तो देशभर लागू झाला. पुढे २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी १,६०० कोटी रुपयांच्या तरतुदीला मान्यता दिली.

या प्रकल्पाविषयी एक समज असा आहे की सगळ्या नागरिकांचे रिपोर्ट दिल्लीतल्या एका महाकाय संगणकात साठवले जात आहेत. रचना तशी नाही. प्रत्येक रुग्णालयाची माहिती त्या रुग्णालयाकडे किंवा त्याने निवडलेल्या साठवणुकीतच राहते, लॅबची लॅबकडे. मध्यवर्ती पातळीवर असतात त्या नोंदवह्या: आभाधारक कोण, नोंदणीकृत डॉक्टर कोण, नोंदणीकृत दवाखाने आणि रुग्णालये कोणती. कोणाच्या नोंदी कोणत्या रुग्णालयाकडे आहेत एवढे दुवे ही यंत्रणा जपते. त्या नोंदींत काय लिहिले आहे हे तिच्याकडे नसते. तुमचा आभा क्रमांक तुमच्या रिपोर्टचे कपाट नाही हे एकदा लक्षात आले की पुढचे बरेचसे कोडे सुटते, कारण ज्या रुग्णालयाने तुमची नोंद संगणकावर केलीच नाही, किंवा केली पण तुमच्या आभाशी जोडली नाही, तिथली माहिती त्या क्रमांकावरून शोधण्याचा मार्गच नाही.

## परवानगी कशी मागितली जाते

समजा, साताऱ्याच्या रुग्णालयात अँजिओप्लास्टी झालेल्या बाई पुण्यात मुलाकडे राहायला आल्या आणि तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांना भेटल्या. डॉक्टरांना डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची यादी पाहायची आहे. दोन्ही रुग्णालये या यंत्रणेत असतील, तर पुण्याच्या रुग्णालयाकडून एक विनंती निघते. ती बाईंच्या मोबाइलवरच्या ॲपमध्ये येते, आणि तिच्यात माहिती कोण मागत आहे, कशासाठी, कोणत्या प्रकारची, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतची आणि ती किती काळ पाहता येईल हे सगळे लिहिलेले असते. बाई ती मंजूर करू शकतात, नाकारू शकतात, किंवा फक्त गेल्या सहा महिन्यांचेच कागद दाखवा असे म्हणू शकतात. मंजुरी मिळाली की साताऱ्याचे रुग्णालय कागद कुलूपबंद करून, म्हणजे सांकेतिक रूपात, थेट पुण्याला पाठवते. मध्ये असलेली संमतीची यंत्रणा परवानगी खरी आहे का एवढेच तपासते. कागद उघडण्याची किल्ली तिच्याकडे नसते.

कागदावर ही रचना उत्तम आहे, आणि परिषदेत तिचे कौतुक झाले ते योग्यच होते. लगेच मनात येणारी शंका अशी, की रुग्ण बेशुद्ध असेल तर काय? त्यासाठी २०२० च्या धोरणात रुग्णाने आधी नेमलेल्या व्यक्तीने, किंवा तशी व्यक्ती नसल्यास कुटुंबातील प्रौढ सदस्याने संमती देण्याची सोय आहे. प्रत्यक्ष अपघात विभागात मात्र रात्री दोन वाजता ओटीपी शोधत कोणी बसणार नाही. तिथे डॉक्टर जे समोर दिसते त्यावरच निर्णय घेतात आणि तसेच घेत राहतील. या यंत्रणेचा खरा उपयोग जुनाट आजारांत आहे. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार आणि कर्करोग या आजारांत वर्षानुवर्षांचे कागद एकमेकांशेजारी ठेवून पाहावे लागतात.

## यूपीआयची उपमा कुठे अडखळते

‘हे आरोग्य क्षेत्राचे यूपीआय आहे’ हे वाक्य अशा परिषदेत इतक्या वेळा ऐकू येते की ते थोडे तपासून घ्यायला हवे. साम्य खरे आहे. यूपीआय येण्याआधी एका बँकेच्या ॲपमधून दुसऱ्या बँकेच्या खात्यात पैसे पाठवणे किचकट होते. मग सर्व बँकांनी एकच नियमावली मान्य केली आणि आज भाजीवाल्या मावशींच्या गाडीवरचा क्यूआर कोड कोणत्याही ॲपने चालतो. आरोग्याच्या माहितीलाही अशीच सामायिक नियमावली मिळाली आहे. सरकारी रुग्णालयात क्यूआर कोड स्कॅन करून केसपेपरचे टोकन घेण्याची सोय तर अनेकांनी वापरलीही असेल. रांग कमी करणारा तो उपयोग खरोखरच लोकप्रिय झाला आहे.

परंतु शंभर रुपये कोठूनही निघाले तरी पोहोचतात तेव्हा शंभरच असतात. त्यांचा अर्थ लावावा लागत नाही. ‘शुगर १४०’ या नोंदीचे तसे नसते. ती उपाशीपोटी आहे की जेवणानंतरची, यावर ती चिंतेची आहे की ठीक, हे ठरते. मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीतला क्रिएटिनिनचा आकडा एका लॅबने एका एककात आणि दुसरीने दुसऱ्यात दिला तर १ आणि ८८ हे एकाच प्रकृतीचे दोन आकडे असू शकतात.

दुसरा फरक स्वार्थाचा आहे, आणि व्यासपीठावरून तो फारसा बोलला जात नाही. पैसे पाठवण्याची सोय न देणारी बँक ग्राहक गमावते. रुग्णाची माहिती सहज बाहेर जाऊ न देणारे रुग्णालय मात्र बहुतेक वेळा रुग्ण टिकवते, कारण फाईल जिथे आहे तिथेच माणूस परत जातो. शिवाय दुसरीकडे गेलेला रुग्ण त्याच तपासण्या पुन्हा करतो, आणि त्या तपासण्यांचे पैसे कोणाला तरी मिळत असतात. हा डॉक्टरांवरचा आरोप नाही. जुना रिपोर्ट विश्वासार्ह नसेल तर पुन्हा तपासणी करणे हेच योग्य असते. पण माहिती देण्यात ज्याला फायदा नाही, त्याच्याकडून ती आपोआप येईल असे गृहीत धरता येत नाही. अमेरिकेला हे महागात कळले. २००९ च्या कायद्यानंतर तिथल्या सरकारने रुग्णालयांनी आणि डॉक्टरांनी संगणकीय नोंदी ठेवाव्यात म्हणून ३० अब्ज डॉलरपेक्षा जास्त प्रोत्साहन निधी वाटला. बहुतेक सर्व रुग्णालयांत संगणक आले, तरी माहिती एकमेकांना दिली जाईना. शेवटी २०१६ साली माहिती अडवून ठेवण्यास मनाई करणारा स्वतंत्र कायदा करावा लागला.

## पीडीएफ पोहोचली म्हणजे माहिती पोहोचली का?

लॅबकडून व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते तेव्हा आपल्याला वाटते की रिपोर्ट डिजिटल झाला. माणसाच्या डोळ्यांना तो वाचता येतो, पण संगणकाच्या दृष्टीने ते बहुतांशी एक चित्र असते. पाच वर्षांच्या पीडीएफ जमा केल्या तरी त्यांतून मूत्रपिंडाचे काम हळूहळू मंदावत असल्याची रेषा आपोआप उमटत नाही. ती डॉक्टरांना एकेक फाईल उघडून मनातच काढावी लागते. रेषा उमटायची असेल तर प्रत्येक तपासणीला ठरलेला संकेतांक, प्रत्येक आकड्याला ठरलेले एकक आणि प्रत्येक निदानाला सर्वांना मान्य असलेले एक नाव हवे.

त्यासाठीचे जागतिक संकेत तयार आहेत. आजार, लक्षणे आणि शस्त्रक्रिया यांच्या नावांसाठी स्नोमेड सीटी नावाचा शब्दकोश आहे. भारत २०१४ पासून त्याचा सदस्य असल्याने तो इथे विनाशुल्क वापरता येतो. माहितीचा साचा कसा असावा, म्हणजे औषधाचे नाव कुठे, मात्रा कुठे, दिवस कुठे, हे ठरवणाऱ्या मानकाला फायर म्हणतात आणि आपल्या यंत्रणेने तेच स्वीकारले आहे. मराठी वाचकांना ठाऊक असावे असे, की या मानकांचे भारतीय रूप ठरवण्याचे आणि रुग्णालयांना ते समजावून देण्याचे काम पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेतील राष्ट्रीय केंद्र करते.

मानके आहेत, पण ती पाळण्याची सक्ती पुरेशी नाही. यंत्रणेतून जाणाऱ्या साच्याच्या आत हस्ताक्षरातील चिठ्ठीचा फोटो ठेवला तरी तांत्रिकदृष्ट्या नोंद पाठवली गेली असेच मोजले जाते. जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेली प्रोत्साहन योजना रुग्णालयांना, लॅबना आणि सॉफ्टवेअर कंपन्यांना जोडलेल्या नोंदींच्या संख्येवर पैसे देऊ लागली. सुरुवातीला संख्येवर भर देणे समजण्यासारखे आहे, परंतु ज्या गोष्टीसाठी पैसे मिळतात तीच गोष्ट भरभरून तयार होते, आणि इथे ती गोष्ट संख्या आहे.

## ‘आमचे सॉफ्टवेअर प्रमाणित आहे’ याचा अर्थ

प्रदर्शनातल्या जवळपास प्रत्येक कंपनीच्या फलकावर या डिजिटल मिशनशी जोडले गेल्याचे लिहिलेले असते. जोडणीचे तीन टप्पे आहेत आणि धंद्यातले लोक त्यांना एम-वन, एम-टू आणि एम-थ्री म्हणतात. पहिल्या टप्प्यात सॉफ्टवेअर रुग्णाचा आभा क्रमांक काढू शकते किंवा पडताळू शकते. दुसऱ्या टप्प्यात ते आपल्याकडची नोंद आभाशी जोडून, परवानगीनंतर बाहेर देऊ शकते. तिसऱ्या टप्प्यात ते दुसरीकडची नोंद मागवून डॉक्टरांना दाखवू शकते. रुग्णाच्या कामाचा भाग दुसऱ्या टप्प्यापासून सुरू होतो, तर खिडकीवर आभा मागणारे रुग्णालय केवळ पहिल्या टप्प्यावर असू शकते. लेखाच्या शीर्षकातल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा इतकेच असते.

सॉफ्टवेअर तिन्ही टप्प्यांचे असले तरी रुग्णालय त्यातले काय वापरते हा प्रश्न उरतो. दुसऱ्या रुग्णालयाची नोंद मागवण्याची सोय असलेले बटण पडद्यावर असते. ते दाबायला डॉक्टरांकडे वेळ असतो का?

## नोंद कोणी करायची?

सगळा विषय इथे येऊन थांबतो. डॉक्टर रुग्णाला किती वेळ देतात याचा ६७ देशांतील अभ्यासांवरून घेतलेला एक आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात भारतातील प्राथमिक उपचारांच्या पातळीवरचा वेळ सुमारे दोन मिनिटे होता, स्वीडनमध्ये वीस मिनिटांहून अधिक. सरकारी रुग्णालयाची ओपीडी पाहिलेल्या कोणाला याचे आश्चर्य वाटणार नाही. त्या दोन मिनिटांत तक्रार ऐकायची, तपासायचे, चिठ्ठी लिहायची आणि वर यादीतून योग्य संकेतांक निवडून संगणकावर नोंद करायची, ही अपेक्षा अवास्तव आहे. अमेरिकेतल्या २०१६ च्या एका अभ्यासात असे आढळले की डॉक्टर रुग्णासमोर घालवत असलेल्या प्रत्येक तासामागे जवळजवळ दोन तास संगणकीय नोंदी आणि टेबलावरच्या कामात जातात. तिथे डॉक्टरांच्या दमछाकीचे ते एक मोठे कारण मानले जाते. आपल्याकडे तर ते दोन तास मुळातच शिल्लक नाहीत.

म्हणूनच सध्या अशा परिषदांत सर्वाधिक गर्दी ‘ऐकून लिहिणाऱ्या’ सॉफ्टवेअरभोवती असते. डॉक्टर आणि रुग्ण बोलतात, मोबाइल ऐकतो, आणि कृत्रिम बुद्धिमत्ता त्या बोलण्यातून तक्रार, निदान आणि औषधे वेगळी काढून नोंद तयार करते. डॉक्टरांनी ती वाचायची आणि दुरुस्त करून मान्य करायची. कल्पना आकर्षक आहे, आणि नोंदींचा तिढा सुटायचा असेल तर तो अशाच एखाद्या साधनाने सुटण्याची शक्यता मला अधिक वाटते. पण प्रात्यक्षिक शांत खोलीत, एका वेळी एकाच माणसाच्या स्पष्ट बोलण्यावर दाखवले जाते. आपल्या ओपीडीत रुग्णाबरोबर दोन नातेवाईक असतात, तिघेही एकदम बोलतात, आजी ‘पोटात कालवाकालव होतेय’ म्हणतात, सून हिंदीत सांगते आणि डॉक्टर औषधाचे नाव इंग्रजीत घेतात. ‘कळ’, ‘ठणका’, ‘चमक’ आणि ‘मुंग्या’ या शब्दांतून वेदनेची जी माहिती डॉक्टरांना मिळते, ती ‘दुखणे’ या एकाच नोंदीत बुडून गेली तर नोंद नीटनेटकी दिसेल, पण उपयोगाची राहणार नाही.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. बोलणे लिहून काढणाऱ्या व्हिस्पर या प्रसिद्ध प्रणालीच्या २०२४ मधील एका अभ्यासात, सुमारे एक टक्का ध्वनिफितींच्या लेखनात कोणीही न बोललेली वाक्ये किंवा शब्दसमूह घुसलेले आढळले. बोलण्यात विराम जास्त असले की हा दोष वाढत होता. वृद्ध आणि आजारी माणसे विराम घेतच बोलतात. डॉक्टरांनी नोंद वाचून मान्य करावी हा उपाय बरोबर आहे, परंतु दोन मिनिटांच्या भेटीत नोंद खरोखर वाचली जाते की नुसती मान्य केली जाते, हे त्या उपायाचे यश ठरवेल.

## एक्सरे वाचणारे यंत्र किती बरोबर असते?

नोंदीपेक्षा चित्रांच्या बाबतीत तंत्रज्ञान पुढे गेले आहे. छातीच्या एक्सरेवरून क्षयरोगाची शंका ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये, पंधरा वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या चाळणी तपासणीसाठी, मान्यता दिली. या क्षेत्रातली क्युअर डॉट एआय ही एक आघाडीची कंपनी मुंबईचीच आहे. हातात नेता येणारी एक्सरे यंत्रे आणि असे सॉफ्टवेअर डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या क्षयरोगाच्या शंभर दिवसांच्या मोहिमेत गावोगावी वापरले गेले. जिथे एक्सरे वाचणारा रेडिओलॉजिस्ट तालुक्याला एकही नाही, तिथे याचा उपयोग उघड आहे.

मात्र ‘नव्वद टक्के अचूक’ असे फलकावर वाचले की आपण त्याचा अर्थ चुकीचा लावतो. एक काल्पनिक गाव घेऊ. एक हजार लोकांचे एक्सरे काढले आणि त्यांतल्या दहांना खरोखर क्षयरोग आहे. जागतिक आरोग्य संघटनेने अशा चाळणीच्या चाचणीकडून ठेवलेली किमान अपेक्षा अशी, की तिने दर शंभर रुग्णांपैकी नव्वद पकडावेत आणि दर शंभर निरोग्यांपैकी सत्तर जणांना योग्य रीतीने ‘ठीक’ म्हणावे. मग आपल्या गावात दहापैकी नऊ रुग्ण सापडतील, एक सुटेल. उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकी ६९३ ठीक ठरतील आणि २९७ जणांवर विनाकारण शंका येईल. म्हणजे यंत्राने बाजूला काढलेल्या ३०६ लोकांपैकी खरे रुग्ण फक्त नऊ, शंभरात तीन.

हे वाईट आहे का? मुळीच नाही, जर त्या ३०६ जणांची बेडक्याची तपासणी लगेच होणार असेल तर. हजार लोकांऐवजी तिनशेंची तपासणी करून दहापैकी नऊ रुग्ण मिळाले, हा मोठा फायदा आहे. ती पुढची तपासणी गोव्याच्या मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅट यंत्रावर तालुक्याच्या ठिकाणीही होऊ शकते. पण तपासणीची व्यवस्था नसताना नुसते एक्सरेचे यंत्र आणले, तर गावात तिनशे घाबरलेली माणसे तयार होतील आणि त्यांतल्या काहींना क्षयरोग नसताना औषधे सुरू होतील. यंत्राची किंमत विचारणाऱ्याने त्याच्या पुढच्या पायरीची किंमतही विचारली पाहिजे.

प्रयोगशाळेतले यश गावात टिकते का, ही शंकाही रास्त आहे. गूगलच्या संशोधकांनी मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला होणारी इजा ओळखणारी प्रणाली थायलंडमधील अकरा दवाखान्यांत नेली तेव्हा परिचारिकांनी काढलेली २१ टक्के छायाचित्रे प्रणालीने दर्जा पुरेसा नाही म्हणून नाकारली. खोल्यांत पुरेसा अंधार नव्हता, रांग मोठी होती आणि इंटरनेट मंद होते. प्रणाली चुकली नव्हती, तरी नाकारलेल्या प्रत्येक छायाचित्रामागे दूरच्या रुग्णालयाची एक फेरी रुग्णाच्या माथी येत होती. दुसरे उदाहरण अमेरिकेतले. रुग्णालयात दाखल असलेल्यांना रक्तातला जंतुसंसर्ग होणार का, हे वर्तवणारी एक प्रणाली शेकडो रुग्णालयांत बसवलेली होती. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ती स्वतंत्रपणे तपासली, तेव्हा तिने अशा रुग्णांपैकी दोनतृतीयांश ओळखलेच नव्हते, आणि दाखल रुग्णांपैकी १८ टक्क्यांच्या बाबतीत धोक्याची सूचना मात्र दिली होती. विक्रेत्याने स्वतः केलेली तपासणी आणि बाहेरच्या माणसांनी केलेली तपासणी यांत असा फरक पडू शकतो.

## माहिती चोरीला गेली तर?

ही भीती अनाठायी नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि देशातल्या सर्वांत नामांकित सरकारी रुग्णालयांपैकी एकाला कित्येक दिवस कागदावर काम करावे लागले. माहिती एका जागी गोळा होत नाही ही डिजिटल मिशनची जमेची बाजू असली तरी तिचीच दुसरी बाजू अशी, की सुरक्षिततेची जबाबदारी हजारो छोट्या रुग्णालयांवर आणि लॅबवर पडते. एम्सला जे रोखता आले नाही ते तालुक्याच्या वीस खाटांच्या नर्सिंग होमला रोखता येईल, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

कायद्याचे पाठबळ आता मिळू लागले आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. महत्त्वाची बंधने टप्प्याटप्प्याने, दीड वर्षाच्या मुदतीनंतर लागू होतील. माहितीच्या सुरक्षेत हयगय केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एक उणीव मात्र राहिली. २०११ च्या जुन्या नियमांत वैद्यकीय माहितीला ‘संवेदनशील’ माहितीचा वेगळा दर्जा होता. नव्या कायद्यात तसा वर्गच नाही. एचआयव्हीचा रिपोर्ट आणि कपड्यांच्या दुकानात दिलेला मोबाइल क्रमांक कायद्याच्या एकाच मापात आले, हे मला पटत नाही.

कायदा म्हणतो की संमती मुक्त, विशिष्ट आणि विनाअट असावी. कोविड लसीकरणाच्या काळात आधार दाखवलेल्या अनेकांचे आरोग्य ओळख क्रमांक त्यांना नीट कल्पना न देता तयार झाल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. आजही केसपेपरच्या रांगेत मागे चाळीस माणसे उभी असताना ओटीपी मागितला, तर ‘कशासाठी?’ असे विचारण्याचे धैर्य फार थोड्यांकडे असते. कॅशलेस मंजुरीची वाट पाहत बसलेल्या नातेवाइकाला विमा कंपनीने जुन्या नोंदी पाहण्याची परवानगी मागितली, तर तो नाही म्हणू शकेल का? ॲपमध्ये नकाराचे बटण आहे, पण त्याचा वापर करता येण्याजोगी परिस्थिती तंत्रज्ञानाच्या हातात नसते. म्हणून हे पक्के ठाऊक असावे की आभा ऐच्छिक आहे. ती नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, आणि काढलेले खाते बंदही करता येते.

## तोपर्यंत रुग्णाने काय करावे?

आभा क्रमांक आधीच असेल तर आभा ॲप उघडून आपल्या खात्याशी कोणत्या रुग्णालयांच्या नोंदी जोडल्या गेल्या आहेत ते पाहावे. दिलेल्या परवानग्याही तिथेच दिसतात आणि मागे घेता येतात. नियमित औषधे चालू असणाऱ्यांनी रुग्णालयाच्या खिडकीवर नेमका एवढाच प्रश्न विचारावा: आजची चिठ्ठी किंवा रिपोर्ट माझ्या आभाला जोडला जाणार आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर नंतर ती नोंद ॲपमध्ये दिसायला हवी. उत्तर ‘नाही’ असेल, किंवा प्रश्नच कळला नाही असे दिसले, तर ते रुग्णालय अजून पहिल्या टप्प्यावर आहे असे समजावे आणि डिस्चार्ज कार्ड, औषधांची शेवटची चिठ्ठी व महत्त्वाचे रिपोर्ट यांची मूळ प्रत सांभाळून ठेवावी. फोटो काढताना कागदाच्या चारही कडा, तारीख आणि लॅबचे नाव दिसेल असा काढावा, कारण तारखेविना रिपोर्टचा पुढच्या डॉक्टरांना जवळजवळ काहीच उपयोग होत नाही.